मानबहादूरच्या भरतीची वाट

नेपाळला जाऊन आलो म्हटल्यावर कुर्डुवाडीत जो भेटेल तो पशुपतिनाथाचा अंगारा मागायला लागला. काठमांडू मी पाहिलंसुद्धा नाही, असं सांगितलं की लोकांचा चेहरा उतरायचा. "मग गेलावता कशाला एवढ्या लांब?" असं वर्कशॉपमधल्या एकाने विचारलं. एका पोराला फौजेत पोचवायला गेलो होतो, हे उत्तर त्याला पटलं नाही. फौज आपली, पोरगा आपल्या गल्लीतला, तर त्यासाठी नेपाळ कशाला? गोष्ट लांबलचक आहे. दर वेळी पहिल्यापासून सांगायचा कंटाळा आला म्हणून लिहून काढतो आहे.

कुर्डुवाडी

मी नॅरोगेजच्या वर्कशॉपमध्ये फिटर. आमच्या चाळीच्या मागच्या खोलीत दिलबहादूर थापा राहतो. बाजारपेठेत रात्रीची गस्त घालतो, सगळे त्याला गुरखाच म्हणतात. पुण्यात असताना त्याने तिथल्याच एका नेपाळी राखणदाराच्या मुलीशी लग्न केलं आणि दोघं इकडे आली. मुलगा मानबहादूर कुर्डुवाडीतच जन्मला. पोरगा तिसरीत असताना त्याची आई गेली. तेव्हापासून त्याचं एक जेवण आमच्या घरी असे. मराठी बोलतो ती अशी, की डोळे मिटून ऐकलं तर माढ्याच्या एखाद्या पाटलाचा पोरगा वाटावा. शाळेत पळण्याच्या शर्यतीत तो पहिला येई, आणि तरी पोरं त्याला "ए नेपाळी" म्हणत.

बांगलादेशच्या लढाईच्या वेळी जवानांच्या गाड्या आमच्या स्टेशनावरून जायच्या. गावाने चहा-भाकरीची सोय केली होती. त्यात एकदा गोरखा पलटणीचा डबा लागला. तिरकी टोपी घातलेल्या एका जवानाने मानबहादूरच्या हातून चहा घेतला आणि त्याच्याशी नेपाळीत बोलला. पोराला त्याची निम्मी भाषा कळली नाही, पण त्याच दिवशी त्याने ठरवलं. दुष्काळाचं वर्ष सरलं, पाऊस झाला, आणि तो सोलापूरच्या भरतीला जाऊन उभा राहिला. तिथं त्याला सांगितलं, "तू परदेशी. तुमच्या लोकांची भरती तिकडून होते."

तिकडची रीत दिलबहादूरने मला समजावली. नेपाळचा माणूस आपल्या देशाचा नागरिक नसूनही आपल्या गोरखा पलटणीत शिपाई होऊ शकतो. दसऱ्यानंतर फौजेतून निवृत्त झालेले लोक डोंगरातल्या गावोगावी फिरून पोरं निवडतात. अशा माणसाला तिकडे गल्लावाला म्हणतात. त्याने निवडलेली पोरं मग गोरखपूरच्या तळावर येतात आणि तिथं शेवटची परीक्षा होते. मात्र हा पोरगा आमच्या गावचा, असं सांगायला गावातल्या कोणीतरी उभं राहावं लागतं.

"मग तू जा की घेऊन," मी म्हणालो.

दिलबहादूरने हातातली काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाला, "दाजु, मी त्याच वाटेनं आलो होतो." दाजु म्हणजे मोठा भाऊ. "गोरखपूरला छाती मोजली. फुगलीच नाही. नापास. गावानं माळ घालून धाडलं होतं, परत कोणत्या तोंडानं जाणार? स्टेशनात जी गाडी उभी होती तिच्यात बसलो. तेव्हापासून घरी गेलो नाही."

"एकदाही?"

"एकदाही. आई आहे का गेली, तेही ठाऊक नाही. धाकटा भाऊ आहे, टेकबहादूर. तुम्ही पोराला न्या. आणि एक वचन द्या. नापास झाला तर त्याला परत हितं आणा. त्याला माझ्यासारखं भलत्या गाडीत बसू देऊ नका."

माझं स्वतःचं एक कारण होतं. आम्ही बौद्ध. लुंबिनी डोळ्यांनी पाहावी असं माझ्या वडिलांना फार वाटायचं, ते राहून गेलं. गोरखपूरपर्यंत मला रेल्वेचा पास मिळत होता, रजा शिल्लक होती. आणखीही एक सांगतो. माझे आजोबा इंग्रजांच्या फौजेत होते. त्यानंतर आमच्या लोकांची भरतीच सरकारने बंद करून टाकली होती. फौजेच्या दारातून परत फिरवलेल्या माणसाचं तोंड कसं होतं, ते आमच्या घरात सांगायला लागत नाही. मी हो म्हणालो.

गोरखपूर आणि पुढे

गाडीतल्या प्रवासाचं काही सांगत नाही. दौंड, मनमाड, इटारशी, अलाहाबाद, प्रत्येक ठिकाणी गाडी बदलायची आणि जागा धरायची, एवढंच. माझ्या बायकोने कडक भाकऱ्या आणि शेंगांची चटणी बांधून दिली होती. अलाहाबादच्या पुढे डब्यात एक म्हातारे मास्तर होते, त्यांना भाकरी दिली. त्यांनी ती पापड समजून आधी वाजवून पाहिली, मग चटणीबरोबर खाल्ली आणि डोळ्यांतून पाणी काढत आणखी मागितली.

गोरखपूरला थंडीने आमचं स्वागत केलं. आपल्याकडे दिवाळीनंतरची थंडी म्हणजे पहाटे चादर ओढायची. इथं दिवस मावळताच लोक शेकोटीशी बसलेले. छोट्या गाडीने नौतनव्याला उतरलो, तिथून सायकलरिक्षाने सरहद्दीवर. परदेशात पाऊल टाकायचं म्हणून मी इस्त्रीचा सदरा घातला होता. सरहद्द म्हणजे रस्त्यावर आडवा बांबू. शिपायाने मला हात केला, जा. आणि मानबहादूरला अडवलं.

"कुठून आलास? कुठे चाललास?" त्याने नेपाळीत विचारलं.

मानबहादूर गडबडला. तोंडातून निघालं, "गावाला चाल्लूय की."

शिपाई हसायला लागला. मग मी हिंदीत सगळं सांगितलं. तो म्हणाला, "कमाल आहे. नेपाळी माणसासाठी देसी माणूस बोलतो आहे." देसी म्हणजे सपाटीवरचा, हिंदुस्थानातला. हा शब्द पुढे मानबहादूरच्या फार वाट्याला आला.

लुंबिनी

भैरहव्यापासून आम्ही एका बैलगाडीवाल्याच्या मागे बसून गेलो. सपाट रान, कापलेल्या भातशेतीचे खुंट, मधूनच सारस पक्ष्यांची जोडी. मी मनात मोठ्या देवळाची, कमानींची तयारी करून ठेवली होती. तसं काही नाही. एक तळं, काही विटांचे चौथरे, एक लहानसं देऊळ आणि तो अशोकाचा खांब. खांबाला लोखंडी कुंपण. शेजारी एक बाई शेळ्या राखत होती. मी खांबासमोर बसून त्रिशरण म्हटलं. वडिलांचं नाव घेतलं. इतक्या साध्या जागी हे सारं झालं, याचंच बरं वाटलं.

मानबहादूर तळ्याकाठी बसला होता. म्हणाला, "काका, बुद्ध हितंच जन्मलं?"

"व्हय."

"मंजी नेपाळीच की."

"आता तसं म्हण."

"मग तुमी रोज एका नेपाळ्याच्या पाया पडता, आन् मला पोरं नेपाळी म्हनून चिडिवत्यात."

मी त्या पवित्र जागी मोठ्याने हसलो. शेळ्यावाली बाई वळून पाहायला लागली.

चढ

बुटवलला सपाटी एकदम संपते. भिंत उभी करावी तसा डोंगर समोर येतो. तानसेनपर्यंत बस आहे. ती ज्या रस्त्याने जाते तो न पाहिलेला बरा, म्हणून मी पुढच्या माणसाच्या टोपीकडे पाहत बसलो. तानसेन चढावर वसलेलं गाव, पितळी भांड्यांची दुकानं, दगडी फरशीचे बोळ. सकाळी धुकं खाली दरीत राहिलं होतं आणि वर, आभाळ जिथं संपतं असं वाटतं त्याच्याही वर, बर्फाची रांग दिसली. मी ढग समजलो होतो. मानबहादूरने बोट केलं, "काका, ढग न्हाय ते." दोघंही चहा हातात धरून उभे राहिलो. चहा गार झाला.

तिथून पुढे पायवाट. वाटेत मैलामैलावर दगडी ओटे बांधलेले, वर पिंपळ किंवा वड. त्याला चौतारी म्हणतात. ओझेवाल्यांनी पाठीवरची टोपली टेकवून श्वास घ्यावा म्हणून कुणीतरी आपल्या माणसाच्या आठवणीत बांधलेली असते. आपल्याकडे लोक गेलेल्याच्या नावाने देवळाला घंटा देतात, पाणपोई घालतात. इथं बसायला जागा देतात. त्या चढाला त्याहून मोठं पुण्य नाही, हे माझ्या गुडघ्यांना चांगलं समजलं.

काळी गंडकीवर झुलता पूल होता. साखळ्यांना फळ्या अडकवलेल्या, काही जागी फळ्याच नाहीत, खाली हिरवं पाणी उसळतंय. मी मध्यावर जाऊन थांबलो आणि मग पाय पुढेही जाईना, मागेही जाईना. समोरून एक बाई पाठीवर टोपली घेऊन आली. टोपलीत कोंबड्या. मी वाट अडवून उभा. तिने काहीतरी विचारलं.

"ती इचारती, जेवला का?" मानबहादूर मागून ओरडला.

"अरे, हितं जेवायचं काय इचारतीय!"

"तशी रीत हाय, काका. आपल्यात कसं 'काय चाललंय' म्हनत्यात, तसं."

त्या बाईने माझं मनगट धरलं, स्वतः मागे वळली आणि ज्या काठावरून ती आली होती त्याच काठाला मला नेऊन सोडलं. कोंबड्यांसह ती तेवढा पूल पुन्हा चालून आपल्या वाटेने गेली. तिचे आभार मानायचा शब्दही मला येत नव्हता. हात जोडले, तर ती लाजली.

उतारांवर पायऱ्यापायऱ्यांची शेतं, कापणीला आलेली नाचणी. तिला ते कोदो म्हणतात. झाडांना संत्री लटकलेली. ज्या मुलखात आदल्या वर्षी टँकरची वाट पाहत घागरी रांगेत ठेवल्या होत्या, तिथला माणूस मी. वाटेच्या कडेने फुकट वाहणारं पाणी पाहून उगाच प्रत्येक झऱ्याला हात लावत होतो.

टेकबहादूरचं घर

गावाला पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. तांबड्या मातीने सारवलेली, गवताच्या छपरांची घरं, दारावर मक्याची कणसं टांगलेली. टेकबहादूर अंगणात टोपली विणत होता. चेहरा अगदी दिलबहादूरचा, फक्त उन्हाने जास्त रापलेला. मी हिंदीत सांगितलं, हा तुमच्या भावाचा मुलगा. त्याला हिंदी चांगली येत होती. का येत होती, ते नंतर कळलं.

तो उठला नाही. मानबहादूर पाया पडायला वाकला, तेव्हा त्याने पाय मागे घेतले नाहीत, पण हातही डोक्यावर ठेवला नाही. बायकोला म्हणाला, "पाहुण्यांना पाणी दे." एवढंच.

"आई?" मी विचारलं.

"गेली. रोज त्या वाटेकडे बघत बसायची. बघत बघतच गेली."

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

रात्रीच्या जेवणाआधी गावातली दोन-चार माणसं मला पाहायला आली. पहिला प्रश्न जातीचा. तो प्रश्न मी आयुष्यभर ओळखतो. माणूस तो विचारायच्या आधी कसा खाकरतो तेही मला ठाऊक आहे. मी म्हणालो, बौद्ध. तर ती माणसं एकदम सावरून बसली. "लामा?" त्यांच्यात बौद्ध म्हणजे लामा, पूजापाठ करणारा. मला चुलीजवळची मानाची जागा दिली. मी लामा नाही, रेल्वेत पाने-पक्कड चालवतो, हे पटवून देईपर्यंत पुरेवाट झाली. पटल्यावरही त्यांनी जागा बदलली नाही. जेवायला नाचणीच्या पिठाचा ढिंडो होता, आपल्या उकडीसारखा घट्ट, आणि गुंद्रुक नावाची आंबवून वाळवलेल्या पालेभाजीची आंबट आमटी. मला ती इतकी आवडली की टेकबहादूरच्या बायकोने पहिल्यांदाच हसून माझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मात्र दुसरं पाहिलं. गावचा लोहार विळा घेऊन आला तो अंगणाबाहेरच उकिडवा बसला. त्याला पाणी दिलं ते वरून ओंजळीत. मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. त्याचा विळा हातात घेतला, धार पाहिली, दोघांनी खुणांनी पोलादाविषयी बोलणं केलं. अंगणातली माणसं पाहत राहिली. मग टेकबहादूरने आम्हा दोघांसाठी संत्री आणून मध्ये ठेवली. हातात दिली नाहीत, मध्ये ठेवली. तेवढं तर तेवढं.

मानबहादूर नाचणी कापायला रानात जाऊ लागला. चुलत भावंडं त्याच्या बोलण्याला हसत. नेपाळीत बोलताना त्याच्या तोंडून "लई" निघायचं आणि वाक्याच्या शेवटी "की". लवकरच ती पोरंही आपसात "लई ठीक की" म्हणायला लागली. टेकबहादूर मात्र मोजकं बोलायचा. गल्लावाला येणार त्याच्या आदल्या दिवशी मी त्याला गाठलं.

"उद्या उभे राहाल ना पोरासाठी?"

त्याने विणकाम थांबवलं नाही. "वीस वर्षांनी एक पोरगा येतो. म्हणतो मी तुमचा. उद्या म्हणेल जमीनही माझी."

मानबहादूर मागेच उभा होता. तो पुढे आला आणि मोडक्यातोडक्या नेपाळीत बोलला. काय बोलला ते त्याने मला नंतर सांगितलं. "काका, मला जमीन नको. तुम्ही नाही म्हणालात तर मी परत जाईन. पण बा मला विचारेल, भाऊ काय म्हणाला. त्याला काय सांगू, तेवढं सांगा." काका हा शब्द त्यांच्यातही तोच, अर्थही तोच.

टेकबहादूरने टोपली खाली ठेवली आणि माझ्याकडे वळला. "तुम्ही बुद्धाचे. खोटं बोलू नका. दाजु का आला नाही परत?"

दिलबहादूरने मला हे सांगायला मनाई केली नव्हती, सांग असंही म्हटलं नव्हतं. मी क्षणभर घुटमळलो. मग सांगून टाकलं. छाती फुगली नाही, नापास झाला, लाजेने तोंड दाखवलं नाही.

"एवढ्यासाठी?" टेकबहादूर म्हणाला. मग पुन्हा, मोठ्याने, "एवढ्यासाठी?"

तो उठून उभा राहिला होता. "माझीही छाती नाही भरली! दाजुनंतर मीसुद्धा गेलो होतो. नापास झालो. काही वर्षं लखनौला हॉटेलात भांडी घासली, मग आलो घरी. आई म्हणाली, बरं झालं, कोदो कापायला माणूस मिळाला. या गावात दर घरात एक परत आलेला आहे. तो बघा तो, मका सोलतोय, तो दोनदा नापास. आम्हाला वाटलं दाजु फौजेत गेला आणि कुठल्यातरी लढाईत मेला. आई तेरावं करू द्यायची नाही."

बोलता बोलता तो रडायला लागला. मानबहादूरला काय करावं ते कळेना, तो त्याच्यापाशी जाऊन नुसता उभा राहिला. टेकबहादूरने त्याची मान धरून जवळ ओढली. मी तिथून उठून लोहाराच्या घराकडे चालत गेलो. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं होतं, आणि ते काही माझं एकट्याचं नव्हतं.

चौतारीवर

गल्लावाला निवृत्त हवालदार, मिशा पांढऱ्या, कोट जुना पण बटणं चकचकीत. चौतारीजवळ पोरं उघडी, अनवाणी उभी केली होती. बांबूवर खूण करून उंची पाहायची, फितीने छाती, मग ओढ्यापासून माथ्यावरच्या देवीपर्यंत पळायचं. मानबहादूरची पाळी आली. गल्लावाल्याने दोन प्रश्न विचारले आणि तोंड वाकडं केलं.

"हा तर देसी आहे. कुणाचा मुलगा?"

टेकबहादूर गर्दीतून पुढे आला. "आमचा," तो म्हणाला. "दिलबहादूरचा. आमच्या घरचा."

गल्लावाल्याने मान हलवली. झालं. पोरांना पळायला सोडलं. डोंगरातली ती पोरं बकऱ्यांसारखी वर गेली, आणि आमच्या शाळेचा पहिला नंबर मागे मागे राहिला. एकदा घसरून पडला, गुडघा फुटला. माथ्यावरून खाली आला तो जवळजवळ शेवटचा. गल्लावाल्याने त्याच्या गुडघ्याकडे पाहिलं. "रडला नाही, थांबला नाही. गोरखपूरला मैदान सपाट आहे. तिथं बघू."

निघताना सगळ्या पोरांच्या गळ्यात झेंडूच्या माळा घातल्या. टेकबहादूर आम्हाला पुलापर्यंत पोचवायला आला. या वेळी पूल मी डोळे मिटून, त्याचा खांदा धरून पार केला.

तळाबाहेर

गोरखपूरला कुणीतरी डोक्यात भरवून दिलं की वजन कमी भरलं तर काढून टाकतात, तेव्हा पोराला केळी चारा. मी चारली. वर तांब्याभर पाणी पाजलं. मानबहादूर "बास झालं, काका" म्हणत होता, मी ऐकलं नाही. वजन भरलं. पण लगेच पळायला सोडलं, आणि पहिल्याच फेरीला त्याने सगळी केळी मैदानाच्या कडेला काढून टाकली. हे मी कुंपणापलीकडून पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. पण पोट रिकामं झाल्यावर पोरगा असा सुटला, की डोंगरावर ज्यांनी त्याला मागे टाकलं होतं ते सगळे मागे पडले. सपाट जमीन ओळखीची होती ना. पलीकडे उभा असलेला गल्लावाला मिशीला ताव देताना दिसला.

मग डॉक्टरी तपासणी आणि छातीची फीत. ते आत. बाहेरच्यांना एवढंच कळायचं, की नापास झालेला पोरगा फाटकातून बाहेर येतो. पास झालेला लगेच येत नाही. फाटक उघडलं की मी उठून उभा राहायचो. एक पोरगा बाहेर आला, मग दुसरा, मग तिघे एकदम. कुणाच्या नजरेला नजर देत नव्हते. टपरीजवळ चांगल्या कपड्यांतला एक माणूस त्यांना हेरत होता. कलकत्त्याला चला, दिल्लीला चला, राखणदाराची नोकरी आहे. टेकबहादूरच्याच गावातून आलेला एक पोरगा त्याच्यामागे निघाला, तेव्हा मी त्याला दंडाला धरून बाकावर बसवलं. हिंदीत म्हणालो, "आधी घरी जा. आई कोदो कापतेय. नोकरी मग बघ." तो ऐकेना. मग मी टेकबहादूरचं नाव घेतलं, म्हणालो, तोसुद्धा नापास आहे, जा विचार त्याला. पोरगा चक्रावून माझ्याकडे पाहत राहिला. गल्लावाल्याबरोबर परत जाणाऱ्यांत तो गेला, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

ऊन उतरलं तरी मानबहादूर बाहेर आला नाही. आणि मग आला तो ओळखू येईना. डोकं भादरलेलं, छातीवर शाईने आकडा लिहिलेला. भेटायला थोडा वेळ दिला होता.

"घेतलं, काका."

मी त्याला मिठी मारली. मग विचारलं, "काय इचारलं आत?"

"साहेब म्हनलं, तू तर परदेशी, हिंदुस्थानासाठी मरशील का? म्या म्हनलं, साहेब, तिकडं मला नेपाळी म्हनत्यात, गावात देसी म्हनत्यात. मी नेमका कुटं परदेशी हाय त्ये मलाच कळंना. तुमी ठिवून घ्या, मग कळंल."

"मग?"

"हसलं. आन् फीत लावली. म्या आसा श्वास घेतला काका, बाच्या वाटणीचा पन घेतला."

परत

कुर्डुवाडीला गाडी दुपारी पोचली. कुणाला कळवलं नव्हतं, पण दिलबहादूर फलाटावर होता. उत्तरेकडची प्रत्येक गाडी तो पाहत होता, असं स्टेशनवाल्यांनी नंतर सांगितलं. मी उतरलो. तो माझ्याकडे न बघता माझ्यामागच्या दाराकडे पाहत राहिला. गाडीने शिट्टी दिली, हलली, गेली. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"एकटेच आलात?"

त्याला काय वाटलं ते माझ्या ध्यानात आलं. पोरगा नापास झाला आणि भलत्या गाडीत बसून गेला. मी घाईघाईने ओरडलो, "अरे, घेतलं त्याला! फौजेत घेतलं!"

तो मटकन बाकावर बसला. मी शेजारी बसलो आणि एकामागून एक सगळं सांगितलं. आई गेल्याचं सांगितलं तेव्हा त्याने डोळे मिटले. टेकबहादूरही नापास झाला होता आणि सरळ घरी आला होता, हे सांगितलं तेव्हा त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मी थट्टा करतोय की काय.

"टेके? टेके नापास?"

"दर घरात एक आहे, म्हणाला."

तो हसायला लागला. हसता हसता रडला, आणि रडता रडता पुन्हा हसला. फलाटावरचे हमाल थांबून बघत होते. मग डोळे पुसून त्याने विचारलं, "दाजु, तानसेनपर्यंत आता बस जाते म्हणता?"

"जाते."

"आणि नदी? तिथं नाव होती आमच्या वेळी."

"नाव नाही आता. पूल आहे. मध्ये गेलं की हलतो, खाली बघू नको."

"मग चढ. चढावर पाणी आहे का अजून?"

"आहे. पहिल्या चौतारीच्या डाव्या हाताला झरा आहे, थंडगार. तिथं थोडं बस. पुढचा चढ उभा आहे. वर आलास की संत्र्यांची झाडं दिसतील, त्यात ज्या अंगणात विणलेल्या टोपल्या दिसतील ते घर तुझ्या भावाचं. पण आधी उजवीकडे लोहाराचं घर लागतं, त्याला माझा नमस्कार सांग."

दिलबहादूर मान हलवत एकेक गोष्ट मनात ठेवत होता. आम्ही दोघं बाकावर बसून राहिलो, आणि माढा तालुक्यातला मी, त्या नेपाळी माणसाला त्याच्या घराची वाट सांगत होतो.